स्लॅबच्या दिवशी पाणी कुणाला?

मे महिन्याचा तिसरा आठवडा. विदर्भातल्या कुठल्याही शहराच्या कडेला नव्या ले-आउटमध्ये या दिवसांत एक दृश्य हमखास दिसते. सकाळी आठचा मुहूर्त होता. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. पण लिफ्टवाला उशिरा आला, मग मिक्सरसाठी डिझेल आणायला कुणी तरी गेले आणि पहिले घमेले वर चढेपर्यंत साडेदहा वाजले. आता दुपारचा दीड वाजला आहे आणि अर्धा स्लॅब अजून बाकी आहे. वरून मिस्त्री ओरडतो, "माल घट्ट येऊन राहिला, पाणी वाढव!" खाली मिक्सरवाला अर्धी बादली पाणी मिक्सरमध्ये ओततो. चार पावलांवर गिट्टीच्या ढिगाजवळ घमेली भरणाऱ्या बाईच्या पोटात मात्र सकाळपासून दोन पेले पाणी गेले आहे.

ही अर्धी बादली मिक्सरमध्ये गेल्याने छत कमजोर झाले. तीच त्या बाईला आणि तिच्या सोबत्यांना मिळाली असती, तर दुपार निभावली असती. उन्हाळ्यात स्लॅब टाकताना होणाऱ्या बहुतेक चुका, इमारतीच्या असोत वा आरोग्याच्या, या पाण्याच्या हिशेबातच होतात.

उन्हाळ्यात स्लॅब टाकूच नये, असे सांगणे सोपे आहे, पण ते कुणी ऐकणार नाही. पावसाळ्याआधी डोक्यावर छत हवे असते. मृग लागला की मजूर पेरणीला गावी जातात. त्यामुळे नेमके एप्रिल-मे हेच घाईचे महिने ठरतात आणि पुष्कळांचा स्लॅब ऐन नवतपात येतो. प्रश्न उरतो तो, हे काम कसे करायचे, एवढाच.

आधी कामाचा आवाका पाहू. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा साधा स्लॅब म्हणजे सुमारे १२ घनमीटर काँक्रीट. वजन जवळजवळ २८ टन. त्यात तुळया धरलेल्याच नाहीत. सिमेंटची नव्वदेक पोती, त्याच्या कितीतरी पट रेती-गिट्टी आणि दोन-सव्वादोन हजार लिटर पाणी. रेडीमिक्सची गाडी आणि पंप असेल तर गोष्ट वेगळी. पण लहान गावांत आणि गल्लीबोळांत हे सगळे वीस-पंचवीस माणसांच्या हातांवरून आणि डोक्यांवरून जाते. शिवाय हे काम मध्येच थांबवता येत नाही. आधीचा थर घट्ट झाल्यावर त्याला लागून नवा माल टाकला तर दोन्ही एकजीव होत नाहीत आणि त्या सांध्यातून पुढे पाणी गळते. म्हणून स्लॅब सुरू झाला की संपेपर्यंत कुणी बसत नाही. इतर कामांत मजूर ऊन चढले की सावलीला जातो, स्लॅबच्या दिवशी त्याला ती मुभा नसते. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर बांधकामातला सर्वांत धोक्याचा दिवस हाच.

काँक्रीट 'सुकते' असे आपण म्हणतो. ते खरे नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होते आणि त्या क्रियेत स्वतःची उष्णताही बाहेर टाकते. सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी या क्रियेत बांधले जाते. त्याहून जास्तीचे पाणी केवळ माल पसरवता यावा म्हणून लागते. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरते. ते ३० लिटर झाले की माल सुरेख पसरतो, मिस्त्री खूश होतो. पण जास्तीचे पाणी नंतर उडून गेले की त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी १९१८ साली दाखवून दिले. शंभर वर्षे उलटली, तरी साइटवर प्रमाण ठरवतो तो मिस्त्रीचा आवाजच.

उन्हात ही ओढाताण वाढते. तापमान चढले की सिमेंटची क्रिया वेगाने होते, माल लवकर घट्ट होतो, म्हणून पाणी वाढवावेसे वाटते. दुसरीकडे पसरलेल्या मालाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असते. चौरस मीटरमागे तासाला एक किलोच्या वर पाणी उडू लागले, की काँक्रीट कडक होण्याआधीच वरचा थर आक्रसतो आणि भेगा पडतात. हजार फुटांच्या स्लॅबच्या हिशेबाने हे झाले तासाला नव्वदेक लिटर. कोरडी हवा, वारा आणि तापलेला माल एकत्र आले की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. संध्याकाळी दिसणाऱ्या त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगांवर सिमेंटचे पाणी फिरवून त्या झाकल्या जातात. त्या बुजत मात्र नाहीत.

भारतीय मानकांत हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला 'उष्ण हवामानातील काँक्रीटकाम' म्हटले आहे आणि टाकताना खुद्द काँक्रीट ४० अंशांच्या पुढे जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. योगायोग असा, की माणसाच्या शरीरातही हाच आकडा धोक्याचा. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि मेंदूचे काम बिघडू लागले, की त्याला उष्माघात म्हणतात.

कष्ट करणारे स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. ती बाहेर टाकण्याचे साधन मुख्यतः एकच, घाम. भर उन्हात घमेली उचलणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर, कधी दीड लिटरही घाम जातो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो लगेच उडतो, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतही नाही. अंगावरच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात तेवढेच. तहान ही इथे भरवशाची खूण नाही. ती उशिरा लागते आणि थोड्या पाण्याने भागल्यासारखी वाटते.

उष्णता आणि काँक्रीट यांची गाठ सर्वांत मोठ्या प्रमाणावर पडली ती अमेरिकेतल्या हूवर धरणावर. कोलोरॅडो नदीच्या ब्लॅक कॅन्यन या दरीत १९३१ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले तेव्हा पारा पन्नाशीच्या आसपास होता आणि महिन्याभरात त्या तळावरची डझनभर माणसे उष्म्याने दगावली. त्या ऑगस्टमध्ये कामगारांनी संप केला. पुढच्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या 'फटीग लॅबोरेटरी'चे डी. बी. डिल आणि त्यांचे सहकारी तिथे राहायला गेले आणि त्यांनी कामगारांचा घाम, रक्त, लघवी तपासली. घामावाटे नुसते पाणी नाही, मीठही जाते. ते भरून न काढता केवळ पाणी प्यायले तर पोटऱ्यांत आणि पोटात भयंकर पेटके येतात. उन्हाला सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी असते, नवख्याच्या घामात जास्त. आज प्रत्येक दवाखान्यात सांगितला जाणारा हा सल्ला त्या काळी नवा होता.

त्याच धरणावर १९३३ ते १९३५ या काळात काँक्रीट टाकले गेले. सगळे एकसंध ओतले असते तर ते थंड व्हायला सव्वाशे वर्षे लागली असती, असा अभियंत्यांचा हिशेब होता. म्हणून ते ठोकळ्याठोकळ्यांनी टाकले आणि प्रत्येक ठोकळ्यात पोलादी नळ्या पुरून त्यांतून आधी नदीचे आणि मग यंत्राने गार केलेले पाणी खेळवले. अलीकडे दुबईत बुर्ज खलिफा उभारताना उन्हाळ्यातले काँक्रीट रात्री टाकले जाई आणि त्यात बर्फ मिसळला जाई.

आपल्याकडच्या घरमालकाला नळ्या पुरायच्या नाहीत की बर्फाचा कारखाना काढायचा नाही. त्याच्या हातात मुख्य गोष्ट आहे ती घड्याळ. मे महिन्यात पहाटेचे तापमान तिशीच्या आसपास असते, दुपारी ते ४५ वर जाते. रात्रभर काम करावे म्हटले तर रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवायला नियमाने मनाई आहे. राहिले दोन तुकडे: सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते दहा. हजार फुटांचा स्लॅब तयारी नीट असेल तर यांपैकी एकात बसू शकतो. मोठा असेल तर जोड कुठे घ्यायचा हे अभियंत्याकडून आधी ठरवून घेऊन दोन दिवसांत करावा.

या दोन वेळांत काँक्रीटचे आणि माणसाचे हित थोडे वेगळे पडते. काँक्रीटला संध्याकाळ मानवते, कारण त्याची स्वतःची उष्णता बाहेर पडत असताना बाहेर रात्रीचा गारवा असतो. सकाळी टाकलेल्या स्लॅबला ती उष्णता आणि दुपारचे ऊन एकदमच सोसावे लागते. माणसासाठी मात्र सकाळ बरी. रात्रीची झोप झालेली असते, शरीर गार असते, उजेड असतो. संध्याकाळच्या कामाला येणारा मजूर दिवसभर दुसरीकडे राबून आलेला असेल, तर त्याच्या शरीरात आधीच उष्णता साचलेली असते, आणि अपुऱ्या दिव्यांत, ओल्या सेंट्रिंगवर, विजेच्या वायरींमध्ये तो पाय कुठे ठेवतो हे सांगता येत नाही. घरच्या साध्या स्लॅबसाठी सकाळ निवडावी आणि पसरलेला माल लगोलग झाकण्याची तजवीज ठेवावी, हेच शहाणपणाचे. संध्याकाळ निवडली तर त्या दिवशी मजुरांना दुपारपर्यंत विश्रांती हवी आणि तिचे पैसेही मिळायला हवेत.

सहाला पहिले घमेले चढवायचे तर बाकी सारे आदल्या दिवशी व्हायला हवे. मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर आदल्या संध्याकाळी येऊन चालवून पाहिलेले असावेत, डिझेल भरलेले असावे. मुहूर्ताचा नारळ पहाटे सहालाही फोडता येतो. भटजींची त्याला हरकत नसते. गिट्टीच्या ढिगावर रात्री पाणी शिंपडून ती ताडपत्रीने झाकली तर सकाळी गार मिळते. ओल्या गिट्टीतले पाणी मात्र मोजमापात धरायचे. लोखंडी प्लेटा आणि सळया उन्हात इतक्या तापतात की अनवाणी पायाला फोड येतात. माल टाकण्याआधी त्यांवर पाणी मारायचे, पण डबकी ठेवायची नाहीत.

पाणी गार असण्याने बराच फरक पडतो. दगड-रेतीच्या तुलनेत पाणी वजनाला चार-पाच पट उष्णता शोषते. पाण्याचे तापमान चार अंशांनी उतरवले तर काँक्रीटचे साधारण एका अंशाने उतरते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले चाळीस अंशांचे पाणी वापरण्याऐवजी जमिनीखालच्या हौदातले, बर्फाच्या लाद्या टाकून वीस अंशांवर आणलेले पाणी वापरले, तर माल पाच अंशांनी गार होतो. बर्फाचे वजन पाण्यात धरायचे आणि तो मिक्सरमध्ये पूर्ण विरघळायला हवा. एवढे करूनही माल घट्ट वाटला, तर पाण्याऐवजी अभियंत्याने सांगितलेले रसायन ठरल्या मापाने घालावे. ही रसायने आता तालुक्याच्या गावीही मिळतात.

आता माणसांच्या पाण्याचा हिशेब. वीस माणसे, माणशी तासाला एक लिटर, असे पाच तासांचे शंभर लिटर. जेवणाच्या वेळचे धरून वीस लिटरचे सहा-सात जार. दोन हजार लिटर पाण्याची सोय करणाऱ्या मालकाला हे जड नसावे. पण जार कोपऱ्यात ठेवून भागत नाही. काम थांबत नसल्याने ढिगाजवळचा मजूर जारपर्यंत पोहोचतच नाही. एका माणसाला हेच काम द्यावे: दर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकाच्या हातात पेला द्यायचा. तासाला दीड लिटरहून अधिक पाणी मात्र कुणालाच पाजू नये. अधूनमधून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा ओआरएस. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवल्याने काही होत नाही. तोच न्याहारीत भाकरीबरोबर खाल्ला तर निदान पोटात जातो.

बायका कमी पाणी पितात, त्याचे कारण डॉक्टरांना ओपीडीत रोज ऐकायला मिळते: साइटवर संडास नसतो. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून सकाळपासून तोंड बांधून राहायचे, आणि मग जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग. बांधकामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे, हे १९९६ सालीच कायद्यात आले आहे. लहान घरांच्या बांधकामावर तो कायदा पोहोचत नाही. तिथे शेजारच्या घराचे दार उघडून देण्याची विनंती मालकालाच करावी लागते. गरोदर बाईला स्लॅबच्या कामावर घेऊच नये.

सर्वाधिक जपायला हवे ते नव्याला. शरीर उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि उन्हाच्या कामातल्या मृत्यूंचा मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतलाच असतो. स्लॅबच्या दिवशी माणसे कमी पडली म्हणून नाक्यावरून उचललेला, किंवा सुट्टीत दोन पैसे मिळतील म्हणून आलेला कॉलेजचा पोरगा, हा त्यातलाच. तो कामात मागे पडायला लाजतो आणि सर्वांच्या पुढे धावतो. त्याला सावलीतले, हलके काम द्यावे.

उष्माघात ओळखण्यात एक घोळ नेहमी होतो. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, असे अनेकांना वाटते. कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खरी खूण डोक्याची. तो असंबद्ध बोलतो, उगाच भांडतो, झोकांड्या देतो, विचारलेल्याचे उत्तर देत नाही. सोबतचे म्हणतात, सकाळीच घेऊन आलाय, झोपू द्या त्याला पडवीत. ही झोप पुष्कळदा शेवटची ठरते. भर उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, तर तो प्यायलेला असो वा नसो, त्याला उष्माघात झाला आहे असेच धरून चालावे.

त्यापुढचा अर्धा तास सर्वांत मोलाचा. १०८ ला फोन करायचा, पण गाडीची वाट पाहत बसायचे नाही. आधी थंड करायचे, मग हलवायचे. लागणारी सगळी सामग्री स्लॅबच्या साइटवर हजर असते. सावलीत आडवे करून जाडे कपडे काढायचे. स्लॅबला पाणी मारायचा पाइप डोक्यापासून पायापर्यंत धरायचा; उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी कढत असते, ते आधी वाहून जाऊ द्यायचे. स्लॅबसाठी आणलेली गोणपाटे भिजवून अंगावर टाकायची, ती दर दोन-तीन मिनिटांनी बदलायची आणि कुणी तरी पुठ्ठ्याने सतत वारा घालायचा. मिक्सरसाठी आणलेला बर्फ कापडात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवायचा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये. हा तो ताप नव्हे, आणि गोळीने तो उतरत नाही.

सिमेंटने होणारे भाजणे हा दुसरा त्रास, आणि त्याकडे कुणाचेच लक्ष नसते. ओले सिमेंट चुन्यासारखेच तीव्र अल्कली आहे. ते कातडीवर राहिले तर सुरुवातीला दुखत नाही, कातडी आतून विरघळत जाते आणि रात्री घरी गेल्यावर फोड दिसतात. ओल्या मालात गुडघे टेकून लेव्हल करणारा मिस्त्री आणि ज्याच्या गमबुटात माल शिरला आहे तो मजूर, हे दवाखान्यात येणारे नेहमीचे रुग्ण. उन्हाळ्यात उकडते म्हणून हातमोजे आणि बूट काढून ठेवले जातात आणि घामाने भिजलेल्या अंगाला सिमेंटची धूळ चिकटते. माल लागला की लगेच, भरपूर साध्या पाण्याने, किमान वीस मिनिटे धुवायचे. हळद, टूथपेस्ट, लिंबू काही लावायचे नाही. डोळ्यात उडाले तर तितकाच वेळ डोळा धुऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

स्लॅब संपला की मालकाकडून मटणाचे जेवण असते आणि बऱ्याच ठिकाणी त्याआधी बाटलीही उघडते. दारूने लघवी वाढते आणि शरीरातले उरलेसुरले पाणीही जाते. अंग ठणकते म्हणून झोपताना मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणली जाते. आधीच सुकलेल्या मूत्रपिंडांना ती गोळी आणखी मारक ठरते. दिवसभर कष्ट केल्यानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली किंवा झालीच नाही, तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते. रात्र न काढता सरकारी रुग्णालयात जायला हवे. एल साल्वाडोर आणि निकाराग्वा इथल्या ऊसतोड कामगारांत, मधुमेह वा रक्तदाब नसताना, तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत दिसून आले. वर्षानुवर्षे उन्हात, पाण्याविना केलेले कष्ट हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

स्लॅबचे पाणी मात्र संपलेले नसते. माल पसरून झाला की तासाभरातच त्यावर प्लास्टिक किंवा भिजवलेली गोणपाटे पडायला हवीत, आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट-रेतीचे बांध घालून, वाफे करून त्यांत पाणी साठवायचे. उष्ण, कोरड्या हवेत हे दहा दिवस, आणि आता सर्रास मिळणारे फ्लाय ॲश मिसळलेले सिमेंट असेल तर चौदा दिवस. वाफे भरायचे काम बहुतेक साइटवर वॉचमनच्या बायकोकडे असते. दुपारी दोनला तापलेल्या स्लॅबवर गार पाणी ओतायला तिला वर पाठवू नये. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला वाफे काठोकाठ भरले तर मधल्या वेळात ते आटत नाहीत.